भाकरी का सोडली, हे कुणी विचारलंच नाही

ताई, नमस्कार.

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. घरात आम्ही त्याला बंडू म्हणतो. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. वडील जाऊन सहा वर्षं झाली. तो आणि आई (वय ६८) नेवाशाजवळच्या आमच्या गावी राहतात, मी लग्न होऊन तासाभराच्या अंतरावर असते. बंडू स्वभावानं शांत. सकाळी कोंबड्या सोडतो, गोठ्यातलं शेण काढतो, संध्याकाळी देवळात आरतीला टाळ वाजवतो. त्याचं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही, आम्हाला कळतं.

दिवाळीपासून तो उजव्या गालावर थाडथाड मारून घेतो. रात्री उठून बसतो. भाकरी खात नाही, दुधात कुस्करून दिली तरच खातो. आरतीला जायचं बंद केलंय. आई डोक्याला तेल लावायला गेली की ढकलून देतो. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

तीन दवाखाने झाले. पहिल्या डॉक्टरांनी हात न लावता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसरे लहान मुलांचे डॉक्टर, बंडूला लहानपणापासून तेच बघतात. ते म्हणाले, 'यांचं वयाबरोबर असं होतंच, सांभाळून घ्या.' तिसरे दातांचे. बंडूनं तोंड उघडलं नाही, त्यांचा हात झटकला. ते म्हणाले, 'असे पेशंट आम्ही घेत नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल, मोठ्या ठिकाणी न्या.' मोठं ठिकाण कुठलं ते सांगितलं नाही. तिथेच बाहेर बाकावर बसलो होतो तर शेजारच्या बाई आपलं मूल उचलून पलीकडे जाऊन बसल्या आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'जरा बाहेर थांबता का?'

आई म्हणते, त्याला दुखणं आपल्याएवढं कळत नाही. माझे मिस्टर म्हणतात, तू फार मनाला लावून घेतेस. विम्याचं विचारलं तर एजंट म्हणाला, असल्यांचा निघत नाही. मी खरंच जास्त करतेय का? त्याला कुठे नेऊ? डॉक्टरांनी त्याला नीट तपासावं म्हणून काय करू?

– एक बहीण, नेवासे तालुका

•

प्रिय भगिनी,

तुम्ही जास्त करत नाही आहात. उलट थोडा उशीरच झालाय, पण त्याचा दोष तुमच्या एकटीच्या माथी मारणार नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तीन ठिकाणी रेघ मारली. भाकरी सोडली, पण कुस्करलेली चालते. टाळ वाजवणारा माणूस आरतीला जाईना. डोक्याला हात लावू देईना. म्हणजे चावणं टाळतो, मोठा आवाज टाळतो, स्पर्श टाळतो, आणि मारून घेतो तेही एकाच बाजूला. पाच वर्षांच्या पोरानं एवढं केलं असतं तर तुमच्या शेजारणीनंसुद्धा सांगितलं असतं, 'अगं, दाढ बघ, नाहीतर कान बघ.' तीन शिकलेल्या डॉक्टरांपैकी कुणी ते बघून घेतलं नाही. बंडू दारातून आत आला आणि त्याचा चेहरा बघूनच त्यांनी काय ते ठरवून टाकलं.

आता जरा तुम्हालाही विचारते. ही तीन वाक्यं तुम्ही त्या डॉक्टरांना सांगितली होती का? मला वाटतं, नसावीत. आपण घाबरलेले असतो, मागे रांग असते, डॉक्टर 'काय होतंय?' विचारतात आणि आपल्या तोंडून निघतं, 'चिडचिड करतो, मारून घेतो, ऐकत नाही.' मग चिडचिडीची गोळी मिळते. डॉक्टरांची चूक त्यानं माफ होत नाही. पण पुढच्या वेळी काय बदलायचं ते मात्र यातूनच कळतं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. २८ वर्षं विशेष शाळेत शिकवलं, त्या अनुभवावर बोलते. दाढ असेल, कान असेल, दोन्ही नसतील, तिसरंच काही निघेल. मात्र एक गोष्ट छातीठोक सांगू शकते: अशा माणसाचं वागणं अचानक बदललं तर तो बदल म्हणजे त्याची तक्रार असते. तिला 'त्यांचं असंच असतं' हे उत्तर नाही. तसं असतं तर ३६ वर्षं तसंच असायला हवं होतं, दिवाळीपासून कसं सुरू झालं?

या चुकीला डॉक्टरी भाषेत स्वतंत्र नाव आहे. मराठीत सांगायचं तर जुन्या शिक्क्याची सावली नव्या दुखण्यावर पडते आणि दुखणं दिसेनासं होतं. मीही यातून सुटलेले नाही. आमच्या वर्गात चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी होती. एके दिवशी तिनं डाव्या पायात चप्पल घालायचं सोडलं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'हट्टीपणा वाढला आहे.' तीन आठवडे तेच लिहीत राहिले. वर उपाय म्हणून चप्पल घातली तर शेंगदाण्याची चिक्की द्यायला लागले. चिक्कीपायी ती घालायची आणि लंगडत जायची. ते लंगडणं मी 'लक्ष वेधून घेणे' या रकान्यात टाकलं! शेवटी शाळेतल्या मावशींनी एकदा तिचे पाय धुतले, तेव्हा टाचेत बाभळीचा काटा सापडला. भोवती सगळं पिकलेलं. काढला तर अर्ध्या बोटाएवढा. पोरगी रडली नाही. तिनं तो काटा मावशींकडून मागून घेतला आणि माझ्यासमोर आणून धरला. बी.एड. माझ्याकडे होतं, मावशी सातवी शिकलेल्या.

आता तुमच्या आईंचं. त्याला दुखणं कमी कळतं, हे मी शेकडो घरांत ऐकलंय, आणि आया हे मायेपोटीच म्हणतात. लेकराला दुखत असेल हा विचार सहन होत नाही, म्हणून मनानं केलेली ती सोय असते. पण वेदना तेवढीच असते. नेमकं कुठे दुखतंय ते दाखवायला, सांगायला त्याला वेळ लागतो, शब्द सापडत नाहीत. तो गालावर मारतो ते कदाचित त्याचं बोट दाखवणंच असेल. आईंशी वाद घालू नका. 'आई, तू दाढदुखीत काय खात होतीस?' एवढंच विचारा.

पुढचं वाचायच्या आधी हे बघून घ्या. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, कानातून पू किंवा रक्त, तोंड पुरतं उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, श्वासाला त्रास, किंवा खूप सुस्ती – यातलं एक जरी दिसलं तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा. दाढेचं पिकणं मानेपर्यंत उतरू शकतं.

असं काही नसेल तर हाताशी एक-दोन दिवस आहेत. एक वही करा. डॉक्टरांकडे विशेषणं न्यायची नाहीत, घडलेलं न्यायचं. 'चिडचिडा झालाय' हे विशेषण. घडलेलं असं दिसतं:

'सोमवार. चहा डाव्या बाजूनं प्यायला. गार पाण्याला तोंड वाकडं केलं. दुपारी शेंगदाणे दिले, हातात धरून ठेवले, खाल्ले नाहीत. रात्री दोनला उठला, उजवा गाल उशीवर दाबून बसला. संडासला झाली नाही, आज तिसरा दिवस.'

ही पाच वाक्यं वाचून डॉक्टरला बॅटरी हातात घ्यावीच लागते. सोबत मोबाइलवर जेवतानाचा आणि रात्रीचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर बंडू एकदम गप्प बसेल आणि डॉक्टर म्हणतील, 'आता तर बरा दिसतोय.' हे हमखास होतं. अशा वेळी व्हिडिओ दाखवायचा.

संडासचं वाक्य मी उगाच घातलेलं नाही. जेवण कमी झालं, पाणी कमी झालं, झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या की पोट साफ होत नाही. आणि बद्धकोष्ठ ही आपल्याकडे हसण्यावारी नेण्याची गोष्ट. ज्याला सांगता येत नाही त्याच्यात ती जिवावर बेतू शकते, बेतलेलीही आहे. पोट फुगलं, उलट्या झाल्या तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

आणखी एक. तुमच्या पत्रात सगळे बोलतात. आई, मिस्टर, एजंट, तीन डॉक्टर, काउंटरवरची मुलगी. बंडूचं एकही वाक्य नाही. 'आम्हाला त्याचं बोलणं कळतं' असं तुम्हीच लिहिलंत, मग तो काय म्हणाला? त्याला विचारलंत का? रागावू नका, मी हे प्रत्येक घराला विचारते. त्याला आरशासमोर बसवा. आधी तुम्ही स्वतःच्या गालावर बोट ठेवून 'इथे आई गं' करा, मग कानावर, मग कपाळावर, आणि त्याला त्याचं बोट ठेवू द्या. सकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदा. दोन्ही वेळा बोट एकाच जागी गेलं तर ते वहीत मोठ्या अक्षरात लिहा, 'बंडूनं स्वतः दाखवलं.' तोंडात बघायचं असेल तर आधी त्याच्या हातात बॅटरी देऊन आईच्या तोंडात बघू द्या. डाऊन सिंड्रोममध्ये दातांपेक्षा हिरड्यांचा आजार जास्त आढळतो, त्यामुळे दात वरून पांढरे दिसले म्हणून निर्धास्त राहू नका.

आता कुठे न्यायचं. तुमच्याकडून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे बालदंतरोग विभागात विचारा. बंडू ३६ वर्षांचा आहे हे मला माहीत आहे, तरी तिथेच विचारा, कारण विशेष गरजा असलेल्या पेशंटचे दात कसे बघायचे हे त्या शाखेच्या शिक्षणात असतं. आणि घाटीत कान-नाक-घसा विभागही आहे, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही होईल. दाढेच्या आधी कान दाखवला तरी हरकत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ साचून दडे बसतात. कधी कधी एवढंच निघतं आणि घरचे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

(लहान मुलांचे डॉक्टर मात्र आता पुरे झाले. ते चांगले असतील, घरोबा असेल. पण छत्तिशीच्या माणसाचा रक्तदाब, साखर, थायरॉइड बघायला मोठ्यांचा डॉक्टर लागतो. मुलाला 'बाळ' म्हणता म्हणता घरं हे विसरतात. त्यात सगळा दोष घरांचा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. अठरा संपले, शाळा सुटली की वर्षाला एकदा वजनकाट्यावर उभं करणारंही कुणी उरत नाही.)

जायच्या आधी फोन करा किंवा गावातल्या कुणाला पुढे पाठवून वेळ विचारा. पहिला नंबर मागा. रांग मोडल्यासारखं वाटून तुम्ही संकोचाल, म्हणून सांगते, ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारात प्राधान्याची तरतूद आहे. अडथळ्याविना प्रवेशाचं तर सरकारी आणि खाजगी, दोन्ही दवाखान्यांसाठी लिहिलंय. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर काउंटरवर तेच आधी ठेवा. आणि कुणी 'बाहेर थांबता का?' म्हटलं तर हळू आवाजात, बसल्या जागेवरून म्हणा, 'आम्ही इथेच थांबतो. गर्दीचा त्याला त्रास होतो, त्याला आधी आत घेतलंत तर तुमचाही बाक मोकळा होईल.' मी हे वाक्य बऱ्याच पालकांना शिकवलंय, बहुतेक वेळा चालतं.

जमलं तर पहिली फेरी नुसती बघायला जायची करा. खुर्ची वर-खाली होते ती बघायची, दिवा बघायचा, डॉक्टरांशी हात मिळवायचा, परत यायचं. साठ किलोमीटर नुसतं खुर्ची बघायला जायचं परवडणारं नसेल तर खुर्चीचा आणि दिव्याचा व्हिडिओ मागवून घरी चार-पाच वेळा दाखवा. तुमचे दातांचे डॉक्टर अनोळखी माणसाच्या तोंडात पहिल्या मिनिटाला हात घालायला गेले. हात तुम्हीही झटकला असतात, मीही झटकला असता.

वहीत एक पान पहिलं ठेवा, फक्त बंडूबद्दल. ब्रिटनमध्ये असं पान इस्पितळात सोबत न्यायची पद्धत आहे, त्याला ते पासपोर्ट म्हणतात. आपण 'बंडूचं पान' म्हणू. त्यात असं लिहा: माझ्याशी बोला, मला कळतं. वाक्य छोटं ठेवा आणि थांबा, मला उत्तराला वेळ लागतो. 'हो' म्हणताना मी मान खाली करतो (किंवा जे करत असेल ते). सुई दाखवून द्या, मागून टोचू नका. मला टाळ आवडतात. त्याखाली वैद्यकीय माहिती, आणि तिथे चार गोष्टी ठळक: लहानपणी हृदयाला छिद्र होतं का, कधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का, थायरॉइड शेवटचा कधी तपासला, झोपेत घोरतो का, श्वास अडकतो का, मान दुखणं, हातापायात मुंग्या, चालण्यात फरक असं काही आहे का.

हे चार प्रश्न का, ते सांगते. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांत हृदयाचा जन्मजात दोष असतो. काही हृदयदोषांत दात काढायच्या आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू हृदयापर्यंत जाऊ शकतात. मानेचे वरचे मणके काहींमध्ये सैल असतात, म्हणून भूल देताना मान फार मागे वाकवायची नसते. घोरणाऱ्याला भूल आणि झोपेचं औषध जपून द्यावं लागतं. भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असतं, पण बंडूचा इतिहास तुमच्याशिवाय कुणाकडे नाही.

पूर्ण भुलीला भिऊ नका. त्या डॉक्टरांचं बोलणं उद्धट होतं, मुद्दा चूक असेलच असं नाही. तोंड उघडतच नसेल तर कधी कधी भूल हाच माणुसकीचा मार्ग. आणि द्यायचीच झाली तर आधी सांगून ठेवा की एकाच भुलीत जमेल तेवढं उरका: किडलेल्या सगळ्या दाढा, हिरड्यांची सफाई, कानातला मळ, रक्ताचे नमुने. सहा महिन्यांनी नुसत्या रक्तासाठी पुन्हा धरून ठेवायची वेळ येऊ नये. हे सुचवायला कुणी येत नाही, आपणच म्हणावं लागतं.

त्या रक्तात थायरॉइड पाहिजेच, आणि तो दर वर्षी. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं सर्रास आहे की सुस्ती, वाढतं वजन, बद्धकोष्ठ, उदास बसणं हे सगळं 'स्वभाव' म्हणून वर्षानुवर्षं खपून जातं आणि गोळी मात्र साधी असते. डोळे आणि ऐकणंही वेळोवेळी तपासून घ्या, मोतीबिंदू यांच्यात लवकर येतो.

दुसऱ्या डॉक्टरांच्या 'वयाबरोबर होतंच' या म्हणण्यात पाव आणा तथ्य आहे, तेही सांगून टाकते. डाऊन सिंड्रोममध्ये अल्झायमर लवकर, चाळिशी-पन्नाशीतसुद्धा सुरू होऊ शकतो. पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. दात, कान, डोळे, थायरॉइड, पोट, आणि घरातलं दुःख, हे सगळं बघून झाल्यावर. दुःख म्हणते ते वडिलांचं. सहा वर्षं झाली खरी, पण त्याला कुणी नीट सांगितलं होतं का, तो अजून वाट बघतो का, हे एकदा आईंना विचारा.

झोपेच्या गोळ्या मनानं बंद करू नका, काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास वाढतो. चिठ्ठी आणि पाकीट घेऊन जा, नव्या डॉक्टरांना दाखवा, बंडू घोरतो की नाही ते सांगा, आणि विचारा, 'ही कशासाठी आहे आणि कधी थांबवायची?' याचं उत्तर ज्या डॉक्टरला देता येत नाही त्यानं लिहिलेली गोळी मला संशयास्पद वाटते.

पैशाचं. एजंटला त्याच्याकडची पॉलिसी माहीत असेल, निरामय माहीत नसावी. ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि बाह्यरुग्ण खर्चही यात धरतात. आधी बिल भरायचं, मग परतावा मागायचा, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पावती जपून ठेवा. नोंदणी राष्ट्रीय न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत होते, बंडूला ओळखणारी विशेष शाळा असेल तर तिथून सुरुवात करा. एक खबरदारी घ्या. बंडूच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर 'बौद्धिक दिव्यांगत्व' असं हवं. 'अध्ययन अक्षमता' म्हणजे वाचन-लेखनाची अडचण, कायद्यात तो वेगळा प्रकार आहे आणि निरामयमध्ये बसत नाही. इंग्रजी पुस्तकं नि ऑनलाइन लेख वाचताना हा गोंधळ फार होतो, कारण ब्रिटनवाले बौद्धिक दिव्यांगत्वालाच तो शब्द वापरतात.

भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला आधी विचारा कुठला उपचार योजनेत आहे, कुठला नाही. नंतर विचारून उपयोग नसतो.

ब्रिटनचं नाव दोनदा आलं म्हणून तिथलं एक सांगते, तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. तिथे बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मृत्यूंची मोठी चौकशी झाली, तिचा अहवाल २०१३ साली आला. इतरांच्या तुलनेत पुरुष सरासरी १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी गेल्या होत्या. आणि कारणांत परत परत आलं ते दिव्यांगत्व नव्हतं, निदानाला आणि उपचाराला झालेला उशीर होता. फुकट दवाखाने असलेल्या देशातली ही गोष्ट. तिथे आता १४ वर्षांवरच्या अशा व्यक्तींना वर्षातून एकदा फॅमिली डॉक्टरकडे पूर्ण तपासणी मिळते. नेवाशात ती तुम्हालाच ठरवून करावी लागेल. बंडूच्या वाढदिवसाचा महिना धरा म्हणजे लक्षात राहील.

सहीचा प्रश्न येईल. इस्पितळ विचारेल, संमती कुणाची? अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना ऐन वेळी कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, आई करू शकतात, नातेवाईक म्हणून तुम्हीही. आई धडधाकट आहेत तोवर हे करून टाका. दाढेसाठी मात्र त्या कागदाची वाट बघत बसू नका.

पालकत्व मिळालं तरी बंडूला विचारणं चुकत नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद (तेव्हा हाच शब्द होता) मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली गेली. पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही, असं कारण दिलं गेलं. बायकांच्या संघटनांनी रान उठवल्यावर ते थांबलं. तेव्हा आमच्या शाळेतल्या काही आयाही म्हणाल्या होत्या, 'आमच्या मुलीचंही करून द्या ना.' त्यांची दमणूक मला दिसत होती. तरी त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तपासायचं टाळणारा डॉक्टर आणि न विचारता कापणारा डॉक्टर, दोघांची अडचण एकच असते. समोरच्या देहात कुणीतरी राहतं हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. दाढच निघाली तर बंडूला सांगा, 'दाढ दुखते, डॉक्टर काढणार, झोपेतून उठशील तेव्हा मी असेन.' आणि खरंच असा.

त्या तिसऱ्या डॉक्टरांची तक्रार करायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. आत्ता नको. तारीख, दवाखान्याचं नाव, शब्द काय वापरले ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. दाढ बरी झाली, झोप झाली, की ठरवा. पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना साध्या कागदावर अर्ज चालतो. माझं विचाराल तर मी करेन. पण मी भांडकुदळ आहे, तुम्ही तुमचं बघा.

तुमची,
ताई

ता. क. – टाळ सोबत न्या. भूल उतरल्यावर जाग येताना ओळखीची वस्तू हातात असली की माणूस कमी घाबरतो. वॉर्डात वाजवायचे नाहीत, एवढं मात्र एसटीत बसायच्या आधीच त्याच्याशी ठरवून घ्या.